अण्णाच्या पोटाचं दार

आमचा अण्णा जेवायला बसला की गल्लीतलं मांजर उठून दुसऱ्या दारात जाऊन बसायचं. त्याला ठाऊक, इथं काही सांडायचं न्हाई, काही उरायचं न्हाई, वाट बघून उपेग न्हाई.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, अमृतप्पा. भालकीच्या बाजारात त्याची गुळाची अडत. मी हेमावती, त्याच्या पाठची. सासर माझं गावातच, दोन गल्ल्या टाकून. नवरा देवमाणूस, कधी अडवायचा न्हाई, म्हणून अर्धा दिवस मी भावाच्याच चुलीपाशी. तोंड माझं तिखट हाय, ते सगळ्या भालकीला म्हाईत. त्यामुळं मी सांगताना कुणाला लागलं तर लागू द्या, मी काही साखर घालून सांगणार न्हाई.

गुळाची पारख करावी तर अण्णानं. ढेपेचा कोपरा नखानं खरवडायचा, चिमूटभर जिभेवर ठेवायचा आणि डोळे मिटायचा. बाजारात एवढा गलका, गाड्या, बैल, हमालांच्या आरोळ्या, आणि हा मधेच उभा, देवळात असल्यासारखा. मग डोळे उघडून म्हणायचा, "ह्या उसाला इहिरीचं पाणी हाय. आन् पाक जरा पुढं गेलाय, कढई उतरवताना कोण गप्पा मारत हुतं?" शेतकरी मान खाली घालून हसायचा. दिवसभर असं चाटत राहायचं, वेळेवर भाकरी न्हाई, वर कडक चहा. पोटानं किती सोसायचं?

आणि जेवण झालं की ताट धुऊन प्यायचा. आमच्यात ज्याच्या गळ्यात लिंग हाय त्याला अन्न म्हणजे प्रसाद. प्रसादाचा कण टाकायचा न्हाई. जेवून झालं की ताटात पाणी ओतायचं, बोटानं कडेपासून फिरवून सगळं ताट धुवायचं, आणि ते पाणी पिऊन टाकायचं. जुनी माणसं सगळीच करायची, पण अण्णाचं बघत राहावं असं होतं. ताट उचलून दोन्ही हातांनी तोंडाला लावायचा, शेवटचा थेंब पडेपर्यंत मान वर.

आधी तो एवढा कडक नव्हता. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यानं तसा झाला. तेव्हा गाव रिकामं करून आम्ही सगळे सोलापूरच्या हद्दीकडं चालत निघालो होतो. कामून निघालो, मागं काय जळत होतं, ते मी सांगत बसत न्हाई. बरोबर आमचे अप्पा, म्हणजे वडील. भाकरीचं गठुडं अप्पांकडं. थांबलो की अप्पा भाकरी मोडून सगळ्यांना द्यायचे आणि म्हणायचे, "माझं झालंय, मी मघाच खाल्लो." अण्णा तेव्हा तरणाबांड, भुकेचा खंदा. अप्पा त्याच्या हातावर जास्तीची चतकोर ठेवायचे आणि तो खायचा. हद्दीच्या अलीकडंच अप्पा एका चिंचेखाली बसले, ते उठलेच न्हाईत. अंघोळ घालताना अण्णानं त्यांच्या पोटावर हात ठेवला. पोट पाठीला लागलं होतं. तेव्हा कळालं त्यांनी काहीच खाल्लं नव्हतं.

आमच्यात पिंड न्हाई, श्राद्ध न्हाई. गेलेला शिवात मिळाला, त्याला कसली भूक, असं आमचे जंगम अय्या सांगतात. खरंच असंल. पण अण्णाच्या मनाला ते कुठं पटायचं? तेव्हापासून ताटात कण राहिला न्हाई.

पुढं सगळं शांत झालं, आम्ही परत आलो, बाजार भरायला लागला. आणि अण्णाच्या पोटात आग पडायला लागली. आधी रिकाम्या पोटी दुखायचं, खाल्लं की थांबायचं. मग खाल्लं तरी थांबंना. मग उलट्या. सकाळी खाल्लेली अंबाडीची भाजी दिवस मावळताना जशीच्या तशी बाहेर यायची. वहिनी रडायची, आणि मी ओरडायची, "रडतीस काय, बाजंवर घालून नेऊ या हैदराबादला." शेवटी रेल्वेनं विकाराबादवरून हैदराबादला नेलंच, मोठ्या दवाखान्यात.

तिथं एका खोलीत अंधार केला. अंधार म्हणजे स्वतःचा हात दिसंना असा. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांना सवय होऊ द्या, बसा. अण्णानं माझं मनगट धरलं होतं ते काही केल्या सोडंना, म्हणून मलाही आत राहू दिलं. आम्ही दोघं भावंडं त्या काळोखात गप बसलो होतो. कुठून तरी फिनेलचा वास यायचा. मला वाटलं, जन्माला यायच्या आधी माणूस असंच बसत असंल.

मग अण्णाला खडू कालवल्यासारखं पांढरं औषध पाजलं, आणि त्याच्या छातीपुढं एक काच हिरवी हिरवी उजळली, काजव्याच्या पोटासारखी. त्या उजेडात माझ्या भावाच्या बरगड्या दिसल्या. त्यांच्याखाली एक काळी पिशवी, एका अंगाला झुकलेली. आणि बाई गं, ती हलत होती! वरून एक लाट निघायची, सावकाश खाली जायची, तिच्यामागं दुसरी. झोपलेल्या लेकराच्या अंगावरून कुणी हात फिरवावा तसं. मला आजपर्यंत वाटायचं, पोट म्हणजे मडकं, वरून टाका, खालून रितं. ते तर आत कुणीतरी जागं राहून काम करत होतं. अण्णा झोपला तरी ते जागं, अण्णा भांडला तरी ते त्याच्या कामात. मला रडूच फुटलं.

डॉक्टर म्हातारे, बोलायला गोड. म्हणाले, "ये देखो अम्मा, ये मेदा, पेट. अच्छा चलरा. पन नीचे दरवाजाच बंद है."

मग त्यांनी समजावून सांगितलं. पोटात आपलं आपण आंबट पाणी सुटतं, एवढं जहाल की मांस विरघळावं. मग पोट स्वतःलाच कामून खात न्हाई? तर त्याला आतून बुळबुळीत अस्तर असतं, झिजतं तसं नवं येतं. अण्णाचं अस्तर खालच्या दाराशी एका जागी झिजलं आणि तिथं जखम पडली. ती भरली, पुन्हा पडली, पुन्हा भरली. असं भरता भरता दारच आवळून गेलं. वर घुसळण चालू, खाली वाट बंद.

"दार कशाला लागतंय पोटाला?" मी विचारलं.

डॉक्टर हसले. म्हणाले, पोटाचं निम्मं काम थांबवून धरायचंच असतं. अन्न घुसळायचं, पातळ करायचं, आणि थोडं थोडं आतड्यात सोडायचं. पाणी लवकर जातं, भाकरी थांबते, तूप-तेल तर लई वेळ थांबतं.

अण्णा व्यापारी माणूस, त्याला लगेच उमगलं. बाहेर आल्यावर म्हणाला, "हेमे, करोडगिरीचा नाका गं. नळदुर्गाच्या पल्याड जकातीला गाड्या थांबायच्या बग, एकेक सोडायचे. नाका बंद पडला तर गाड्या तुंबणार. आन् नाकाच काढला तर समद्या एकदम गावात घुसणार."

आणि तेच करावं लागलं, नाकाच काढावा लागला. पोटाचा खालचा भाग दारासकट कापला आणि राहिलेलं मुठीएवढं पोट आतड्याला जोडून दिलं. घरी सोडताना डॉक्टरांनी नियम सांगितले. घासभर खा, पण पुन्हा पुन्हा खा. चावून खा. गोड नको. जेवणाबरोबर पाणी नको, प्यायचं तर मागाहून, सवडीनं. जेवलं की आडवं व्हा. न्हाईतर अन्न एकदम खाली कोसळतं, मग आतडं अंगातलं पाणी ओढून घेतं, घाम सुटतो, छाती धडधडते, माणूस बसल्या जागी जातो. नीट पाळलं तर काही महिन्यांत कमी होईल.

आम्ही पाळलं हो! मी स्वतः पाळलं. चिमटीएवढी भाकरी, वाटीभर वरण. गूळ चाटून थुंकायचा, भर बाजारात. जन्मभर गुळाची पारख करणारा माणूस गूळ थुंकायलाय, हे बघून बाया तोंडाला पदर लावायच्या. जेवताना पाण्याचा तांब्या मी लांब ठेवायची. तरी जेवून झालं की आडवा व्हायच्या आतच अण्णा जायचा.

जायचा म्हणजे काय सांगू. बसल्या बसल्या चेहरा पांढरा पडायचा, कपाळावर घाम, पापण्या निम्म्या मिटायच्या. भिंतीला टेकायचा. हाक मारली तर ऐकू येतंय असं दिसायचं, पण लई लांबून. ओठावर एक हसू. दुपारची ओसरी, बाहेर ऊन, कुठं तरी कुणाची उखळ चाललेली, आणि हा आमच्यात बसून आमच्यात नसायचा. मग हळूहळू डोळे उघडायचा, आम्हाला असं बघायचा जसं आम्हीच परगावाहून आलोय.

"काय दिसतंय रे अण्णा तुला?"

"काय न्हाई गं," म्हणायचा, आणि उठून दुकानाला जायचा.

एक दिवस आमचे अय्या आले, शिवय्या, गल्लीचे जंगम. त्यांनी हे बघितलं आणि हातच जोडले. "अय्यो, ह्यो तर ध्यानाला लागलाय! प्रसाद घेतला की ध्यान लागतंय. केवढं पुण्य!" झालं. शिवय्या मनानं साधा माणूस, पण त्यांच्या तोंडात तीळही भिजत न्हाई. आठवड्यात गल्लीभर झालं, महिन्यात तालुकाभर. जेवायच्या वेळेला बाया लेकरं घेऊन ओसरीवर यायला लागल्या. अण्णा घास चावायचा आणि ह्या टकामका बघत बसायच्या, आता लागंल, मग लागंल. मी एकीला हाकललं, तर वहिनीच माझ्यावर उखडली, "तुमाला कामून एवढा राग यायलाय? चांगलंच म्हणायलेत न्हवं लोक?"

राग कामून? माझा भाऊ वाळायलाय म्हणून! खाल्लेलं अंगी लागंना. दंड माझ्या अंगठ्या-बोटाच्या वेढ्यात मावायचा. डॉक्टर म्हणाले होते कमी होईल, आणि हे वाढायलंय. कुठं चुकायलंय तेच समजंना.

त्यातच महादेवीचं जमायला आलं. महादेवी म्हणजे अण्णाची एकुलती एक लेक, शांत, आईवर गेलेली, माझ्यावर न्हाई, नशीब तिचं. जवळच्याच कल्याणच्या काशप्पाचा मुलगा, सोमशेखर, शाळेत मास्तर लागलेला. बोलणं शिवय्यांनीच काढलं, आणि काय सांगून काढलं? तर मुलीच्या बापाला प्रसाद घेतला की ध्यान लागतं! काशप्पाच्या घरी म्हातारी आई, अक्कम्मा, तिचाच शब्द चालायचा. म्हातारी म्हणाली म्हणे, अशा माणसाची लेक घरात यावी, घर बघायला या, माझ्या हातचं जेवा. जेवण नीट झालं तर तिथंच शब्द. पोट कापल्याचं शिवय्यांनी सांगितलंच नव्हतं. पोट कापलेला बाप किती दिवसांचा, त्याच्या घरी कोण सोयरीक करणार, असं वहिनीचंही म्हणणं. "लग्न होऊ द्या," म्हणाली, "मग सांगता येतंय."

कल्याणला जायच्या आधीची गोष्ट. उसाचे दिवस होते, अण्णा गुऱ्हाळावर गेला. तिथं चुलवणापाशी उभ्या उभ्या हातावर भाकरी घेतली, वर शेंगाची चटणी, खाऊन टाकली. परत आला ते पायी, चांगला बोलत, चेहऱ्यावर रंग. मी म्हणाले, "आज न्हाई व्हय रे काही झालं?"

"न्हाई," म्हणाला. आणि खट्टू दिसला. भर बाजारातून काहीतरी हरवून आल्यासारखा.

मी विचार करत बसले. भाकरी तीच, चटणी तीच, तोच अण्णा. मग घरी होतं आणि गुऱ्हाळावर होत न्हाई, असं काय? उठून चुलीपाशी गेले, आणि तिथं वहिनी ताट मांडायली होती. ताट! हातावर खाल्लं त्या दिवशी ताट नव्हतं. ताट नव्हतं म्हणून ताट धुणं नव्हतं, आणि ते पाणी पिणं नव्हतं. मी डोक्याला हात लावला. जेवताना तांब्या लांब ठेवायची मी शहाणी, आणि जेवण संपलं की माझ्याच हातानं ताटात पाणी ओतायची! भरल्या पोटावर ताटभर पाणी. दार नसलेल्या पोटातून सगळं खळकन खाली वाहून जायचं.

"अण्णा," मी ओसरीवर जाऊन ओरडलेच, "डॉक्टर काय म्हणाले हुते? पाणी न्हाई म्हणाले हुते का न्हाई?"

"मग पितोय व्हय मी?"

"ताट धुऊन काय पितोस?"

अण्णा माझ्याकडं बघत राहिला. त्याला खरंच कळंना मी काय बोलायलेय. "ते पाणी हाय व्हय? खुळी का काय तू. त्यो प्रसाद हाय."

घरातल्या एकालाही ते पाणी वाटलं नव्हतं. मलाही न्हाई. डॉक्टरला तरी कुठं ठाऊक, भालकीचा माणूस ताट पितो म्हणून.

मी समजावलं. नाका काढल्यावर गाड्या एकदम घुसतात, तूच म्हणालास की! आजपासून ताट पुसून घे बोटानं, चाटून घे, पण पाणी न्हाई. अण्णा हळूच म्हणाला, "न्हाई जमायचं हेमे."

"कामून न्हाई जमायचं?"

"अप्पा येतेत."

"कुठं?" मी विचारलं.

"डोळ्यापुढं आधी हिरवं हिरवं व्हतंय," अण्णा म्हणाला, "त्या खोलीतल्यावाणी. मग चिंच दिसती. खाली अप्पा बसल्यात. गठुडं सोडल्यात आन् जेवायलेत. मी काय बोलत न्हाई, तेबी बोलत न्हाईत. भाकरी मोडत्यात, खात्यात. लई सावकाश, पोटभर. मी नुसता बगत बसतो गं."

मी डोळे पुसले आणि भांडलेच. म्हणाले, तू असाच वाळत वाळत जा अप्पांच्या मागं, आणि महादेवीला कोण बघायचं? तिची भाकरी कोण मोडायचं? त्या दिवशीही त्यानं ताट धुऊन पिलं, आणि गेला.

कल्याणला गेलो ते अण्णा, वहिनी, मी आणि शिवय्या. काशप्पाचं घर ऐसपैस, माणसं हसतमुख. सोमशेखर पोरगा लाजरा, पण डोळे चांगले. मी लगेच मनात म्हणाले, हाच. पंगत मांडली. आम्ही बाया आतल्या उंबऱ्याशी. आणि अंगणाच्या दाराशी बघते तर गर्दी! शेजारपाजारची माणसं, दोन-तीन म्हाताऱ्या, कुणी तर फुलं घेऊन आलेलं. सगळे आमच्या अण्णाचं ध्यान बघायला. शिवय्या इकडून तिकडं फिरायलेत, नवरदेवाचे मामा असल्यावाणी.

वहिनी मला खेटून बसली. माझ्या कानाशी पुटपुटली, "वन्सं, आजच्या दिवस पिऊ द्या. एवढं एकदा लागू द्या ध्यान."

अक्कम्मा स्वतः वाढायला. वाकलेली, पण आवाज खणखणीत. भाकरी, पुंडीपल्ला म्हणजे आपली अंबाडीचीच भाजी, वरण, आणि मग गव्हाची हुग्गी, गूळ घालून, वर तुपाची धार. अण्णानं दोन्ही हात ताटावर धरले. "साकु, पुरे अम्मा, एक चमचा बस." म्हातारीनं एक चमचा वाढला, भुवया उंचावून. अण्णा एकेक घास चावत होता. सगळ्यांचं झालं, तरी त्याचं चालूच. पंगतीत एकाचं राहिलं तर कुणी उठायचं न्हाई, सगळे बसून राहिले.

मग तांब्या फिरला. एकेकानं ताटात पाणी घातलं, धुतलं, पिलं. तांब्या अण्णापाशी आला. दारातली माणसं पुढं सरकली. कुणी लेकराला खांद्यावर उचललं. पंगतीतला काशप्पाही गुडघ्यावर हात ठेवून वळून बसला.

अण्णानं तांब्या उचलला. मला त्याचा चेहरा दिसत होता. ते मी कधी विसरायची न्हाई. भुकेल्याच्या तोंडापाशी घास आलाय, असा चेहरा. एवढं पाणी पिलं की अप्पा दिसणार होते, लेकीचं लग्न ठरणार होतं, लोकांनी फुलं वाहिली असती. तांब्या धरून तो किती तरी वेळ बसला. मग त्यानं एकदा आत बघितलं, उंबऱ्याकडं, आमच्याकडं. आणि तांब्या खाली ठेवला.

बोटानं ताट पुसलं, बोट चाटलं, हात जोडले.

"पावणं," अक्कम्मा म्हणाली, "ताट तसंच ऱ्हायलं. माझ्या हातचं गोड लागलं न्हाई?"

शिवय्या घाईनं पुढं झाले, "अम्मा, त्येंचं ध्यान..."

"ध्यान न्हाई, अय्या," अण्णा म्हणाला. मोठ्यानं न्हाई, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "मला ध्यान बिन काय लागत न्हाई. माझं पोट कापलंय, अम्मा. हैदराबादेत. मुठीएवढं ऱ्हायलंय."

वहिनीनं पदर तोंडात कोंबला. दाराशी कुजबुज झाली.

"तुमच्या समद्यांच्या पोटाला खाली दार हाय," अण्णा सांगत राहिला, गुळाची पारख सांगावी तसा सावकाश. "आता तुमी जेवलाव, ते आत घुसळायलंय. लाटा यायलेत एकीमागून एक. आन् दार थोडं थोडं उघडून सोडायलंय पुढं. तुमाला ठाऊकबी न्हाई. मला ते दार न्हाई. वरून पाणी पडलं की माझं समदं वाहून जातंय. मग मला घेरी येती. त्यालाच लोक ध्यान म्हणायलेत. मी बी म्हणू दिलो. मला त्यात... मला बरं वाटायचं. पन् लेक द्यायची ती खोटं बोलून कशी देऊ? डॉक्टर म्हणत्यात, जेवलो की आडवा पडलो, नीट ऱ्हायलो तर जगतो. तुमाला चाललं तर बगा. न्हाई चाललं तर तुमच्या अन्नाचा अपमान केला म्हणून राग धरू नका."

शिवय्या भिंतीकडं बघायलेले. काशप्पानं आईकडं बघितलं. दाराशी फुलं घेऊन आलेली बाई ती फुलं पदराखाली लपवायला लागली. मला वाटलं, मोडलं. उठावं आता, निघावं.

अक्कम्मा पुढं आली. कमरेवर हात ठेवून, कण्हत, अण्णाच्या ताटासमोर खाली बसली. मुलाकडची म्हातारी, मुलीच्या बापासमोर. तांब्या उचलला, ताटात पाणी ओतलं, बोटानं कडेपासून फिरवून धुतलं. "अव्वा!" काशप्पा ओरडला. तिनं ऐकलं न्हाई. ताट दोन्ही हातांनी तोंडाला लावलं आणि सगळं पिऊन टाकलं.

"प्रसाद कुणीबी घेटला तर प्रसादच की," म्हणाली. मग पदरानं तोंड पुसून वहिनीकडं वळली. "नातसुनेला सांग, इथं बापाला घेऊन येताना भ्यायचं न्हाई. ताट धुवायला मी हाय. आन् ह्येंना आडवं करा की गं कुणीतरी, बघायलाव काय नुसते! डॉक्टर सांगितला न्हाई का, जेवल्यावर पडायचं?"

सोमशेखरच धावला. ओसरीवर घोंगडी अंथरली, उशाला आपलं उपरणं घडी करून दिलं. आत बाया साखर वाटायला लागल्या, वहिनी हसायली का रडायली ते कळंना. शिवय्यांनीसुद्धा साखर घेतली, दोनदा.

मी अण्णाजवळ जाऊन बसले. वारा होता. अंगणातलं ऊन कलायला लागलं होतं. अण्णा उताणा पडलेला, डोळे टक्क उघडे. कपाळाला हात लावून बघितला, घाम न्हाई, छाती शांत. डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळत होतं.

"आज आले न्हाईत गं," म्हणाला. "अप्पा. हिरवं बी झालं न्हाई. उपाशी असतील."

"गप पड," मी म्हणाले. "तुझ्या ताटातलं त्या म्हातारीनं पिलं न्हवं? शेवटच्या थेंबापत्तोर? मग पोचलं त्यांना. पोट भरलंय त्यांचं, अण्णा."

त्यानं माझं मनगट धरलं, दवाखान्यातल्या त्या अंधारात धरलं होतं तसंच. लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. आणि मग, किती तरी महिन्यांनी, कुठं न जाता, नुसता झोपला.